ओडगोरांचा ठसा

डेन्मार्कमधल्या लेमवीला गुद्रून टॉफ्टमच्या दुकानात कुणी जुनी चांदी घेऊन आलं, की ती आधी त्याला बसवी, कॉफी देई आणि मग चमचा पालथा करी. पुढची नक्षी ती बघतच नसे. फुलं, पानं, मुकुट यांच्या नकला कुणीही करतं, असं तिचं म्हणणं. तिला पाठीवरचा ठसा हवा असे.

कोपनहेगनची चांदी असली तर काम सोपं. तीन बुरुजांचा शिक्का, त्याखाली सालाचे आकडे, बाजूला सरकारी तपासनीसाची अक्षरं. पण जटलंडच्या या वाऱ्याच्या कोपऱ्यात तपासनीस कुठला यायला! इथल्या सोनारांनी आपल्या नावाची दोन अक्षरं ठोकली आणि मोकळे झाले. ही अक्षरं गुद्रूनला शेजाऱ्यांच्या चालीसारखी ओळखू येत. कुणाचा ठसा कधी बोथट झाला, कुणाच्या विधवेने तो पुढे चालवला, हे ती भिंग डोळ्याला लावून सांगे. पोलादी ठशाला एकदा तडा गेला की तो वाढतच जातो. त्या तड्यावरून कुठली वस्तू आधीची आणि कुठली नंतरची, हे ती ठरवी, आणि त्यात ती कधी चुकली नव्हती.

ती मूळची विबोर्गची, म्हणजे आतल्या मुलखातली. लाउरिस टॉफ्टमशी लग्न करून ती समुद्राकडे आली. लाउरिस मासेमारीच्या बोटीवर होता. १९५९ सालच्या धुक्यात त्याची बोट गेली आणि त्याचं काहीच हाती लागलं नाही, टोपीसुद्धा नाही. त्यानंतर गुद्रूनने हे दुकान काढलं. बारा वर्षं होऊन गेली तरी गावात तिला 'विबोर्गवाली' म्हणत.

ऑक्टोबर महिन्यात एका सकाळी कार्ला व्रिस्ट दुकानात आली. थ्युबोरॉनच्या क्रेस्टेन व्रिस्टची ही बायको. अंगाने दणकट, बोलायला फटकळ, आणि गुद्रूनची त्या भागातली एकुलती एक मैत्रीण. आई वारल्यावर तिचं घर आवरताना चादरींच्या खाली एक चमचा सापडला होता. पार काळा पडलेला.

"किती जुना आहे तेवढं सांग," कार्ला म्हणाली. "चांगला असला तर भाचीच्या बारशाला देते. नसला तर माशांची खवलं काढायला ठेवते."

गुद्रूनने पालथा करून भिंग लावलं. लंबगोल चौकटीत 'एस' आणि 'ओ'. "हा सोरेन ओडगोर," ती लगेच म्हणाली. "लेमवीचाच. त्याला जाऊन सव्वाशे वर्षं झाली. चर्चच्या मागे त्याच्या थडग्याचा दगड आहे."

"मग भाचीचं नशीब फळलं म्हणायचं."

पण गुद्रून हसली नाही. ओडगोरच्या शेवटच्या कामांत त्या 'ओ'च्या डोक्यावर केसाएवढा तडा दिसे. या चमच्यावर तो तडा वरून खाली अर्ध्यापर्यंत आला होता. आणि काठ कसे होते! शंभर वर्षं वापरलेल्या चमच्याची कड जिभेने झिजते, खालून चपटी होते. ही कड कोरी होती.

"थांब, जरा पुसते," असं म्हणून तिने ओल्या फडक्यावर खडूची पूड घेतली आणि दांड्याची पाठ हलक्या हाताने घासली. काळेपणाखालून कोरलेली अक्षरं एकेक करून वर आली. विलाड्स.

कार्लाने हातातला कप खाली ठेवला.

विलाड्स तिचा थोरला भाऊ. १९५३च्या हिवाळ्यात बोटीवरून गेला तो गेलाच.

"झाक ते," कार्ला म्हणाली. "झाक आधी."

"अगं, पण हे कुणी..."

"मला विचारू नकोस. लहानपणी ऐकलं होतं, पण आमच्याच घरात असेल असं वाटलं नव्हतं. आई काही बोलली नाही बघ, मरेपर्यंत." तिने कोट चढवला. चमच्याकडे तिने पाहिलंही नाही. "तुझ्या सासूला विचार. तिला ठाऊक असेल. आणि तो चमचा ठेव तुझ्याकडेच, मला घरात नको."

गुद्रूनची सासू डाग्नी हारबोरच्या वृद्धाश्रमात होती. मिशन या धर्मपंथाच्या कडक वळणातली बाई. पत्ते, नाच, दारू यांचं नाव काढायची सोय नाही. तिच्या खोलीची खिडकी समुद्राकडे उघडत होती, म्हणून तिने पलंग फिरवून भिंतीकडे तोंड करून घेतला होता.

"या सूनबाई," ती म्हणाली. "कोण मेलं म्हणून आलात?"

"कुणी नाही आई. हे बघा." गुद्रूनने चमचा पांघरुणावर ठेवला.

म्हातारीने तो उचलला नाही. "कुणाचा?"

"विलाड्सचा. कार्लाच्या भावाचा."

"म्हणजे त्यांनाही मिळाला होता."

गुद्रूनने ते 'ही' पकडलं. "आई, तुम्हाला मिळाला होता?"

"आम्ही देवाची माणसं आहोत. असल्या गोष्टी आमच्यात बोलत नाहीत," डाग्नी म्हणाली. मग तिने कपाटाकडे बोट केलं. "खालच्या खणात बघ. लोकरी मोज्यात आहे."

मोज्यात चमचा होता. पाठीवर कोरलं होतं, लाउरिस.

डाग्नी भिंतीकडे बघत बोलली. बोट गेल्यावर तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. ती आत येत नाही. खिडकीच्या कट्ट्यावर चमचा ठेवते आणि जाते. बिअरमध्ये राय नावाच्या धान्याचा शिळा पाव उकळून पेज करायची, त्या चमच्याने एकदा खायची आणि चमचा कुठेतरी ठेवून द्यायचा.

"कशासाठी?"

"मग बुडालेला घरी जेवायला येत नाही."

बाहेर जेवणाची घंटा झाली. व्हरांड्यातून कुणाच्या तरी काठीचा आवाज गेला.

"मला का नाही सांगितलंत?" गुद्रूनने विचारलं. "मी बायको होते त्याची. त्या घरातच होते."

"तू वरच्या खोलीत रडत होतीस. मी एकटीने खाल्ली पेज. आणि तुला काय सांगायचं? तू विबोर्गची. तू तो चमचा पालथा करून बघितला असतास."

गुद्रूनने घरी येऊन तेच केलं. दुसऱ्या दिवशी चांगलं ऊन पडलेलं असताना तिने दोन्ही चमचे खिडकीपाशी घेतले, मेण मऊ करून दोन्ही ठशांवर दाबलं आणि दोन चकत्या शेजारी शेजारी ठेवल्या. कुणीतरी ओडगोरचा जुना ठसा अजून वापरतंय, एवढं तर उघड होतं. विलाड्स गेला १९५३ साली, लाउरिस त्यानंतर सहा वर्षांनी. तेव्हा लाउरिसच्या चमच्यावर तडा जास्त वाढलेला दिसायला हवा.

तो कमी होता. विलाड्सच्या चमच्यावर अर्धा 'ओ' चिरलेला, लाउरिसच्या चमच्यावर जेमतेम पाव.

तिने भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. म्हणजे लाउरिसचा चमचा आधी ठोकलेला. विलाड्स जिवंत असताना, किंवा नुकता गेला असताना. बरं, असेल, तिने स्वतःला समजावलं. कुणीतरी कोरे चमचे ठोकून ठेवत असेल आणि वेळ आली की हाताला लागेल त्यावर नाव घालत असेल.

मग तिला ठशाच्या चौकटीची कड दिसली. लाउरिसच्या नावातल्या शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली होती, आणि ठसा त्या शेपटीच्या टोकावर बसला होता. कोरलेली रेघ ठशाखाली दबून चपटी झाली होती. ठसा आधीचा असता तर रेघेने त्याला चिरलं असतं. इथे उलटं होतं. नाव आधी, ठसा मागून.

गुद्रून खुर्चीवर बसली. १९५३च्या उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं होतं. लाउरिस स्वयंपाकघराला निळा रंग देत होता, बेसूर गात होता, आणि रंगाचे हात तिच्या गालाला लावत होता. तेव्हा कुठेतरी हा चमचा तयार होऊन पडला होता, त्याच्या नावासकट.

कार्लाला तिने यातलं काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, ती बाई कोण. कार्लाने आढेवेढे घेतले आणि मग म्हणाली, "फेरिंगला जा. कड्याच्या टोकाला शेवटचं घर. सिसेल ओडगोर."

सिसेल. एस आणि ओ. पणजोबाचा ठसा पणतीला अक्षरासकट लागू पडला होता.

घर अगदी कड्यावर होतं. दरवर्षी समुद्र खालून माती खाई आणि कुंपणाचे दोन खांब आधीच खाली लोंबत होते. धुकं एवढं होतं की लाटा ऐकू येत, दिसत नसत. दार सिसेलनेच उघडलं. ऐंशीच्या पुढची, बारीक, हात मात्र पुरुषासारखे.

"तू टॉफ्टमची सून," ती म्हणाली. "ये. पाय पूस."

आत खिडकीखाली लहानशी ऐरण, हातोडी, कानस आणि शेगडी. सगळं स्वच्छ. टेबलावर कॉफीचं भांडं, आणि कोपऱ्यात एक फडकं पसरलेलं, त्याखाली काहीतरी लांबट.

गुद्रूनने दोन्ही चमचे पुढे ठेवले आणि जे दिसलं ते सांगितलं. तडा, रेघ, ठशाची कड. सिसेलने मधे तोंड घातलं नाही.

"हे अजून कुणी पाहिलं नव्हतं," शेवटी ती म्हणाली. "लोक नाव वाचतात आणि झाकून ठेवतात."

"सिसेलबाई, तुम्हाला आधी कळतं?"

"मला काही कळत नाही गं. कळत असतं तर माझा भाऊ बोटीवर गेला असता का?" तिने कप भरला. "लोक दारात मोडकी चांदी ठेवून जातात. कोण ठेवतं ते मी बघत नाही. हात शिवशिवायला लागले की बसते. नाव कोरून होतं, पुसते, तेव्हा वाचते. मग ठसा मारते. कधी आठवड्यात कुणी जातं, कधी वर्षं जातात. आडनाव काही येत नाही."

"आणि तुम्ही कुणाला सांगत नाही?"

"एकदा सांगितलं होतं," सिसेल म्हणाली, आणि साखरेचं भांडं तिच्याकडे सरकवलं.

गुद्रूनची नजर फडक्याकडे गेली. सिसेलला ते कळलं. "बघायचं तर बघ. मी हात धरणार नाही. पण बघून कुणाचं भलं झालेलं मला आठवत नाही."

आयुष्यभर पालथं करून बघितलेली बाई ती. तिने फडकं उचललं. ठशातला 'ओ' आता पार दुभंगला होता, समोरासमोर ठेवलेल्या दोन कंसांसारखा. तिचा अंगठा दांड्यावर होता. तिने तो बाजूला घेतला.

क्रेस्टेन.

ती तिथून निघाली ती थेट थ्युबोरॉनला कार्लाच्या स्वयंपाकघरात जाऊन थांबली. कार्लाने सगळं ऐकलं, टेबलाचा कोपरा धरला आणि नवऱ्याचे लांब बूट उचलून कोळशाच्या खोलीत नेऊन कुलूप लावलं.

क्रेस्टेन व्रिस्ट धक्क्यावरून घरी आला तेव्हा घरात नुसता दंगा. "वेड लागलंय का दोघींना?" तो ओरडला. "थ्युबोरॉनमध्ये क्रेस्टेन म्हणून हाक मार, निम्मा धक्का मागे वळून बघेल! सगळ्यांचे बूट लपवणार आहात?"

"सगळे माझे नवरे नाहीत," कार्ला म्हणाली.

तो गेला नाही. बोट दुसऱ्याला घेऊन निघाली. धक्क्यावर महिनाभर थट्टा चालली. कुणी क्रेस्टेन दिसला की दुसरा त्याच्या खिशात चमचा शोधी. बोट परत आली ती गळ्यापर्यंत हेरिंग माशांनी भरून. काही झालं नाही. पुढच्या फेरीतही काही झालं नाही.

पण क्रेस्टेन व्रिस्टला आतून काहीतरी लागलं होतं. पहिल्यांदा तो म्हणाला, एक फेरी सोडतो. मग बर्फाच्या कारखान्यात काम धरलं. मग धक्क्यावर जाणं सोडलं, वाळूत जाणं सोडलं. नाताळपर्यंत तो न्हाणीच्या टबात बसेना, उभ्याने अंग पुसून घेई. जेवताना चमच्याला हात लावत नसे, सूप वाडग्यातून पिई. बाहेर वारा सुटला की कार्लाला विचारी, "कुणी दाराशी आलं का?"

"नाही रे."

"कट्ट्यावर बघ."

कार्ला रोज उठून कट्टा बघे.

त्याच्याकडे कुणी फिरकत नसे. येई फक्त पाववाला, क्रेस्टेन होवे. तरणाताठा, अजून लग्न न झालेला, आईबरोबर राहणारा. समुद्राशी त्याचा संबंध नव्हता, गाडीतून पाव विकायचा. व्रिस्टच्या टेबलावर टोपी टाकून तो म्हणे, "काका, मीही क्रेस्टेनच. मी घाबरलो का? चला, पाव खा. पावात कोण बुडतं?" आणि व्रिस्ट कधी नव्हे तो हसे.

गुद्रून कार्लाकडे आली की मात्र व्रिस्ट उठून आतल्या खोलीत जाई. एकदा दारातून म्हणाला, "तेवढे क्रेस्टेन होते गावात. तू माझ्याच घरी आलीस."

फेब्रुवारीत गावामागची खाडी, फ्योर्ड, गोठली. पोरं बर्फाला भोकं पाडून भाल्याने ईल मासे मारायला जात, तसा पाववाला क्रेस्टेनही रविवारी दुपारी गेला. आईला म्हणाला, रात्री तळून खाऊ. बर्फावर त्याचा भाला सापडला आणि भोकापाशी हातमोजा. खालून ओढ होती. लोकांनी काठाकाठाने बर्फ फोडला, पण तो मिळाला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याच्या आईच्या, होवेबाईंच्या, खिडकीच्या कट्ट्यावर चमचा होता.

गुद्रून भेटायला गेली. स्वयंपाकघरात पेजेचा आंबूस वास होता आणि वाडगा धुऊन पालथा घातलेला. होवेबाईंनी तिला बसा म्हटलं नाही.

"तू बघितला होतास म्हणे हा," त्या म्हणाल्या. "ऑक्टोबरात."

"हो."

"मग माझ्या दारात का नाही आलीस?"

तो समुद्रावर जात नव्हता, हे एक उत्तर होतं. मला तो आठवलाच नाही, हे दुसरं. ती दारातच उभी होती. होवेबाई फडक्याने पुसलेलंच टेबल पुन्हा पुसत राहिल्या.

ज्या दिवशी पाववाल्यासाठी चर्चची घंटा वाजली, त्या दिवशी क्रेस्टेन व्रिस्टने गरम पाणी भरून टबात आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी स्वतःच कुलूप तोडून बूट काढले. त्याला वाईट वाटत नव्हतं असं नाही. चर्चमधल्या प्रार्थनेला तो ढसाढसा रडला. पण घरी येऊन दोन वाडगे सूप प्यायला, चमच्याने.

मार्चमध्ये बोटी निघाल्या तेव्हा कार्ला आणि गुद्रून धक्क्यावर उभ्या होत्या. बऱ्याच दिवसांनी दोघी एकत्र होत्या. व्रिस्टने डेकवरून हात केला. दोर गुंडाळताना तो शीळ घालत होता.

"ऐकलंस?" कार्ला म्हणाली. "त्या पोराला जाऊन महिनाही झाला नाही. घरातही घालतो. मी सांगितलं, बाबा रे, घालू नकोस. तर म्हणतो, मी कुठे घालतोय?"

"जिवंत आहे तुझा माणूस."

"आहे. देवाची कृपा आहे." कार्लाने डोक्याचा रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधला. "पण तो शीळ घालतो ना, तेव्हा मला त्याच्या शेजारी बसवत नाही."

बोट बंधाऱ्याच्या टोकाकडे सरकत होती. मागे पक्ष्यांचा कलकलाट.

"आता कधी कुणाचं नाव वाचलंस," कार्ला म्हणाली, "तर मला सांगू नकोस."

"नाही सांगणार."

"वाचूच नकोस ना पण, बाई. जातेसच कशाला तिकडे?"

गेल्याच आठवड्यात गुद्रून फेरिंगला जाऊन फडक्याखाली बघून आली होती. तिने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि बोट धुक्यात जाईपर्यंत कार्लाच्या शेजारी उभी राहिली.